मदत हवी आहे: साइटवरच्या 'कार्ट'बद्दल अमेरिकेतून पेटंटची नोटीस

मंडळी, आमची वहिनी इंदूरला, रामबागेतल्या घरूनच, महेश्वरी साड्या ऑनलाइन विकते. साइट मी सांभाळतो. गिऱ्हाइकं बहुतेक पुण्या-मुंबईची, पण अधूनमधून एखादं पार्सल न्यू जर्सीलाही जातं.

परवा एका अमेरिकन कंपनीच्या वकिलाचा ईमेल आला. निवडलेला माल सर्व्हरवर जमा ठेवायचा आणि शेवटी एकदम पैसे घ्यायचे, ही 'पद्धत' म्हणे त्यांच्या पेटंटमध्ये येते. लायसन्स घ्या, नाहीतर दावा लावू. सोबत आमच्याच पानाचे स्क्रीनशॉट. 'पिशवीत टाका' या बटणाभोवती लाल चौकट. कंपनी स्वतः काही विकताना दिसत नाही, नुसत्या नोटिसा विकते बहुधा!

थोडं वाचलं. पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं. आपल्या १९७० च्या कायद्यात कलम ३(के) प्रमाणे व्यवसायाच्या पद्धतीला किंवा नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही. तिकडे मात्र ॲमेझॉनला एका क्लिकवर ऑर्डर घेण्याचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं आणि ते थेट २०१७ मध्ये संपलं. नुसती कल्पना कॉम्प्युटरवर चालवली म्हणून पेटंट नाही, असं सांगणाऱ्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर तिथेही अशी पेटंटं टिकवणं अवघड झालंय म्हणतात.

माझी खरी अडचण वेगळीच. साइटचं होस्टिंग अमेरिकेतलं आहे आणि तिकडे माल जातो. एवढ्यावरून आम्ही त्यांच्या कायद्याच्या कक्षेत येतो का? उत्तर द्यावं की गप्प बसावं? बिनबुडाच्या धमकीविरुद्ध आपल्याकडे कलम १०६ आहे, ते परदेशी पेटंटच्या धमकीला लागू होतं का? वहिनी तर म्हणते, तिकडची ऑर्डरच बंद करून टाक. मला ते पटत नाही. दिवाळीचा माल तयार आहे.

प्रतिसाद १:
घाबरून ऑर्डर बंद करू नका, पण 'हो, आम्ही असंच करतो' असंही लेखी देऊ नका. आधी पेटंटचा नंबर गूगल पेटंट्सवर टाकून मुदत बघा. संपलेलं असलं तरी अमेरिकेत दाव्याच्या मागच्या सहा वर्षांतल्या उल्लंघनाची भरपाई मागता येते, म्हणून तारखा नीट लिहून ठेवा. शॉपिंग कार्टवरच्या अशाच पेटंटांविरुद्ध न्यूएग ही अमेरिकन ऑनलाइन विक्री कंपनी २०१३ मध्ये अपिलात जिंकली होती. कॉम्प्युसर्व्ह या जुन्या ऑनलाइन सेवेच्या मॉलवर आधीपासूनच तशी खरेदी चालायची, म्हणजे कल्पना नवी नव्हती, हे तिथे कामी आलं. तुमच्या नोटिशीत तेच नंबर आहेत का पाहा. कलम १०६ भारतीय पेटंटपुरतं आहे असं मी समजतो. होस्टिंगचा मुद्दा मात्र अमेरिकेत वकिली करणाऱ्यालाच विचारा, इथल्या पेटंट एजंटचं ते काम नव्हे. नंबर कळला की इथे टाका.