कोम्सोमोलचं कार्ड: निष्ठा की सोय?

पारावरचा:
कोम्सोमोल म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाची युवक संघटना. स्थापना १९१८, वय १४ ते २८. ८०च्या दशकात सभासद चार कोटींच्या घरात. एवढे सगळे लेनिनभक्त? छे! विद्यापीठ, बढती, परदेशवारी, जिथे तिथे 'खाराक्तेरिस्तिका' लागायची, म्हणजे वर्तणुकीचा दाखला. त्यात कोम्सोमोलचा शब्द वजनदार. म्हणून पोरं वर्गणी भरत, सभेत हात वर करत आणि घरी येऊन त्याच सभेची टिंगल करत. पिढ्यान्‌पिढ्या खोटं बोलायची तालीमच ती.

बांधावरून:
जरा दमानं. सोव्हिएत संघाचा शेवटचा प्रमुख गोर्बाचोव्ह, त्याचंच घ्या. स्ताव्रोपोलकडचं प्रिवोल्नोये गाव, बाप कम्बाइन चालवणारा. पोरगा बापाबरोबर कापणीला राबला, १९४९ला शाळेत असतानाच सरकारी पदक मिळालं, १९५०ला मॉस्कोत कायद्याला. परत आल्यावर कोम्सोमोलचं काम आणि तिथून वर वर. झारच्या राज्यात ह्याला कुणी दारात उभं केलं असतं का? शिडीला नावं ठेवणारे बहुतेक माडीवरच जन्मलेले असतात.

पारावरचा:
पदक घामाचं होतं, मान्य. पण शिडी जाते कुठे तेही बघा. शेलेपिन आणि सेमिचास्त्नी, दोघेही कोम्सोमोलचे प्रमुख, पुढे दोघेही केजीबीचे, म्हणजे गुप्तहेर खात्याचे प्रमुख!

खवचट खान:
आणि १९८७नंतर ती शिडी थेट गल्ल्यावर. पुढे रशियाचा बडा तेलसम्राट झालेला खोदोरकोव्स्की मॉस्कोच्या मेंदेलेयेव्ह संस्थेत कोम्सोमोलचा पदाधिकारी. युवकांच्या तंत्र-केंद्राच्या पाटीखाली कॉम्प्युटरचा धंदा, त्यातून मेनातेप बँक. रशियन भांडवलशाहीचं बाळंतपण माहेरीच झालं म्हणायचं.

सईची आई:
तुम्ही सगळे पुढाऱ्यांचंच बोलताय. पूर्व जर्मनीत पाद्र्याची मुलगी असलेली मर्केल, पुढे जर्मनीची चॅन्सेलर झालेली, तीसुद्धा तिथल्या युवक संघटनेत, एफडीजेत होती. नाव न घालणाऱ्या कित्येक हुशार मुलांचं शिक्षण दहावीलाच अडलं. आईबापांनी काय करायचं होतं? मी तर मुलीला गुपचूप एफडीजेचा निळा शर्ट शिवून दिला असता. पारावरचे, त्या पोरीलाही खोटारडी म्हणणार?

पारावरचा:
शाळकरी पोरीला नाही म्हणणार. दाखला अडवणाऱ्या सचिवाला म्हणेन.

बांधावरून:
तो सचिवही बाविशीचाच असायचा हो. त्याचाही दाखला कुणाच्या तरी टेबलावर पडलेला.