मदत हवी आहे : दाढेच्या इम्प्लांटसाठी सर्जिकल गाइड वापरावे का?

आईच्या (वय 67, मधुमेह आटोक्यात) खालच्या शेवटच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचे दाताचे कृत्रिम मूळ) बसवायचे आहे. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) झाला असून खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणाऱ्या नसेच्या वर हाडाची उंची बेताचीच दिसते. कोथरूडमधील दंतवैद्यांनी तोंडाचे डिजिटल स्कॅन सीबीसीटीशी जुळवून, थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या गाइडमधून (ड्रिलची जागा व दिशा ठरवणारा, दातांवर बसणारा साचा) ड्रिल करण्याचा सल्ला दिला आहे. सदाशिव पेठेतील दुसऱ्या डॉक्टरांच्या मते मागे आधाराला दात नसल्याने गाइड हलू शकते, शिवाय लांब ड्रिलसाठी तोंड बरेच उघडावे लागते, आणि आईचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे. खर्चाची अडचण नाही. नस दुखावून ओठ कायमचा बधिर होऊ नये, हीच काळजी आहे. अशा स्थितीत कोणी गाइड वापरून इम्प्लांट करून घेतले आहे का, आणि तिसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे ठरल्यास सीबीसीटीच्या डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) चालतात, की स्कॅन पुन्हा करावा लागतो?