वसतिगृहातली दारू: व्याख्यान आणि शपथ सोडून काही उपाय आहे का?

मळ्यातला मास्तर

एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि सहा वर्षांपासून मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. १८० मुलं आहेत. कॉलेजचं नाव आणि गाव लिहीत नाही, मुलांची ओळख पटायला नको.

गेल्या महिन्यात गॅदरिंगच्या रात्री दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बेसुमार प्यायला. मित्रांनी बाथरूममध्ये नेऊन डोक्यावर गार पाणी ओतलं, लिंबू चोखायला लावलं, खोलीत उताणं झोपवलं आणि आतून कडी घातली. पहाटे पाचला एक जण माझ्या दारात रडत उभा. वर गेलो तर उशी ओकारीनं भिजलेली, ओठ निळसर, घशात घरघर. कुशीवर वळवला, तोंड पुसून साफ केलं, १०८ ला फोन केला. मुलगा वाचला. तिसऱ्या दिवशी वडील येऊन घेऊन गेले.

माझी झोप उडालीय ती पुढच्या गोष्टीनं. हा हाक मारून उठत नाही हे त्या मुलांना रात्री एकलाच कळलं होतं. चार तास ते त्याच्या उशाशी बसून राहिले, पण जिना उतरून माझ्याकडे आले नाहीत. कारण खाली नोटीस बोर्डावर माझ्याच सहीचा कागद आहे: 'मद्यपान करणाऱ्या वा त्यास साथ देणाऱ्या विद्यार्थ्यास तत्काळ वसतिगृहातून काढण्यात येईल.' त्यांनी तो कागद खरा मानला.

आता वरून निरोप आलाय: व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवा, सामूहिक शपथ घ्या, फोटो पाठवा. दरवर्षी ठेवतो. वक्ते सडलेल्या यकृताचे फोटो दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि शनिवारी पुन्हा 'बसतात'. कॉलेजच्या वयाच्या मुलांवर या बाबतीत कुणी नीट संशोधन केलंय का? कशाचा उपयोग होतो आणि कशाचा होत नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

दूरदेशीची समुपदेशक

सर, मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात अकरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्याख्यानाबद्दल. इथल्या सरकारी मद्यपान संशोधन संस्थेनं २००२ मध्ये कॉलेजातल्या पिण्यावर मोठा अहवाल काढला होता. नुसती माहिती आणि प्रबोधन, सोबत दुसरं काही नसेल तर उपयोगाचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुलांना यकृताचं ठाऊक असतं हो. पण यकृत बिघडणार वीस वर्षांनी, आणि मित्र हाका मारतायत आत्ता.

ज्याचा उपयोग दिसला ते काम सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं. अ‍ॅलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात 'बेसिक्स' नावाची पद्धत बसवली. कॉलेजात येणाऱ्या मुलांना आधीच प्रश्नावली दिली, त्यातून धोकादायक पिणारी मुलं शोधली, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकाशी पहिल्या वर्षी समोरासमोर एक मुलाखत झाली, दुसऱ्याशी नाही. १९९८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतरही मुलाखत झालेल्या मुलांचं पिणं आणि त्यातून होणारं नुकसान दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं.

मुलाखतीत उपदेश नसतो. 'तू दारुडा आहेस' असं कुणी म्हणत नाही. मुलानं स्वतः दिलेले आकडे एका कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवायचे: आठवड्यात किती, किती तासांत, किती पैसे, किती तासिका बुडल्या, कुणाशी भांडण झालं. आणि एक प्रश्न: 'तुझ्या मते तुझ्या वर्गातली बाकीची मुलं किती पितात?'

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघा संशोधकांनी १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात पाहिलं की इतर मुलं पिण्याबाबत आपल्यापेक्षा खूप सैल आहेत, असा जवळपास सगळ्यांचाच समज होता. असाच समज नंतर कितीतरी कॉलेजांत सापडला. ओकणारा, ओरडणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खोलीत मॅगी खाऊन झोपलेले चाळीस जण कुणाला दिसत नाहीत.

माझ्यासमोर असाच एक जण खुर्चीत मागे रेलून, हाताची घडी घालून बसला होता. कागदावर शेजारीशेजारी तीन खांब: तो स्वतः, त्याला वाटणारे 'सगळे', आणि खरे सगळे. तिसरा खांब पहिल्याच्या गुडघ्याएवढाही नव्हता. 'हे कुणाला विचारलंत?' म्हणाला. म्हटलं, तुमच्याच कॉलेजला, नाव न घेता. बराच वेळ बोलला नाही. जाताना कागदाची घडी करून खिशात घातली. मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं.

आता खरं तेही सांगते. पुढे अशा बऱ्याच चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी फरक लहानच निघाला. 'बहुतेक मुलं बेतानंच पितात' अशी पोस्टर्स भिंतीवर लावण्याचा प्रयोग एकदा यशस्वी झाला आणि त्याच संशोधकांनी पुन्हा केला तेव्हा झाला नाही. आजूबाजूला दारूची दुकानं दाट होती तिथे तो फसला. म्हणून जादूची अपेक्षा ठेवू नका. पण १८० मुलांत तीन-चार जणांच्या बाबतीत जरी फरक पडला, तरी ते मला पुरेसं वाटतं.

आणि तो नोटीस बोर्डावरचा कागद आजच काढा. कॉर्नेल विद्यापीठानं २००२ मध्ये नियम केला की मित्रासाठी मदत बोलावणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर शिस्तीची कारवाई होणार नाही. पुढे समुपदेशकाशी बोलावं लागेल इतकंच. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले. तुमच्या मुलांना त्या चार तासांत हेच हवं होतं.

२०२३ पासआउट

सर, तुमच्यासारख्याच एका होस्टेलात चार वर्षं राहिलोय. आतून कसं दिसतं ते सांगतो.

खोलीत बाटली सापडली तर घरी फोन. म्हणून आणली की त्याच बसण्यात संपवायची, उरवायची सोयच नाही. चौघांत वर्गणी काढून खंबा, नऊ ते साडेदहा. मेस साडेआठला बंद, त्यामुळे पोटात चकण्याशिवाय काही नाही. आम्ही पीत होतो त्यापेक्षा घाईघाईत पीत होतो, ते जास्त वाईट होतं.

मी स्वतः पहिल्या वर्षी 'नको' म्हणू शकलो नाही, कारण मलाही वाटायचं की सगळेच पितात. शेवटच्या वर्षी एका रात्री मोजलं, आमच्या मजल्यावर न पिणारे जास्त निघाले. हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन मुलांची आई

माझा मुलगा यंदाच वसतिगृहात गेलाय. वाचून छातीत धस्स झालं. पण ताई, 'किती पितोस, किती तासांत' असं विचारणं म्हणजे बेतानं प्यायला शिकवणंच ना? महाराष्ट्रात २१ वर्षांखाली बिअरसुद्धा कायद्यानं चालत नाही, आणि व्हिस्की-रमसारखी कडक दारू २५ खाली. मग सरांनी सरळ 'नाही' एवढंच सांगायला नको का?

दूरदेशीची समुपदेशक

तुमची काळजी अगदी बरोबर आहे, आणि 'नाही' सांगणं चालूच राहायला हवं, विशेषतः तुमच्याकडून. रॉब टुरिसी या संशोधकांनी आईवडिलांसाठी एक पुस्तिका केली: मूल कॉलेजला जाण्याआधी या विषयावर त्याच्याशी कसं बोलायचं. २००९ च्या मोठ्या अभ्यासात ही पुस्तिका आणि मुलाखत दोन्ही मिळालेल्या मुलांमध्ये परिणाम सर्वांत चांगला दिसला. मूल अठराचं झालं की आपलं कोण ऐकतंय असं पालकांना वाटतं, पण ते तसं नाही. दिवाळीला घरी आला की बोला. व्याख्यान नको, चहा करताना बोला. आणि एक वाक्य जरूर सांगा: 'काही झालं तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी आधी येईन, रागावायचं ते नंतर.'

सरांचा प्रश्न मात्र आजच पिणाऱ्या मुलांचा आहे. त्यांच्याशी आकड्यांत बोलावं लागतं. सर, एक करून बघा. मुलाला रिकामा ग्लास आणि पाण्याची बाटली द्या आणि 'एक स्मॉल ओत' म्हणा. मग खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या टोपणानं मोजा. स्मॉल म्हणजे ३० मिली, तीन टोपणं. इथे मुलांना असं ओतायला लावलं तेव्हा ती सर्रास जास्त ओततात असं आढळलंय. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे चार स्मॉल. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. शरीर साधारण तासाला एकाच स्मॉलचा निचरा करतं. गार पाणी, लिंबू, कॉफी यांनी तो वेग वाढत नाही.

मांडवीकाठचा डॉक्टर

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केलंय, म्हणून इकडचा एक पुरावा देतो. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेचे अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत हानिकारक पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि भेटी चारपर्यंत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, इतरांतले २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. हे विद्यार्थी नव्हते, सगळ्या वयाचे पुरुष होते. पण आपल्या भागात, आपल्या माणसांकडून हे जमतं, एवढं त्यातून दिसतं.

मुलं निवडायला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली वापरा. दहा प्रश्न, ४० पैकी गुण. ८ किंवा जास्त म्हणजे बोलायला हवं. २० किंवा जास्त आले तर तुम्ही एकट्यानं हाताळू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरतात, फिटही येऊ शकते.

आणि बेशुद्ध मुलाला उताणं कधीच झोपवायचं नाही. कुशीवर, एक गुडघा पुढे वाकवून, आणि शेजारी कुणीतरी जागं. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडला, अंग गार पडलं, ओठ निळे झाले, हलवून उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८.

मळ्यातला मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत झालं ते लिहितो.

कागद काढला. प्राचार्यांशी तासभर बोललो. 'काढून टाकू' हे पूर्ण पुसायला ते तयार नव्हते. पण मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर कारवाई नाही, हे त्यांनी लेखी दिलं. तो कागद आणि कुशीवर झोपवायचं चित्र आता प्रत्येक मजल्यावर बाथरूमच्या दाराशी लावलंय. मेस शनिवारी साडेदहापर्यंत उघडी ठेवायला मावशी तयार झाल्या. पासआउट मित्रा, हे तुझ्यामुळे सुचलं.

काल त्या रात्री उशाशी बसलेल्या चौघांना घरी बोलावलं. आधी मीच माफी मागितली. मग ग्लास आणि टोपण काढलं. पहिल्यानं ओतलेला 'स्मॉल' सात टोपणं भरला. पुन्हा ओतून पाहिलं, साडेसहा. चौघंही ग्लासकडे बघत बसले. मग एक जण हळूच म्हणाला, 'सर, त्या रात्री त्याला असे सहा दिले होते.'

डॉक्टर, एक विचारायचंय. प्रश्नावली निनावी घेतली तर मुलं खरं लिहितील, पण मग कुणाशी बोलायचं ते कळणार नाही. नाव मागितलं तर सगळे शून्य लिहितील. काय करू?

मांडवीकाठचा डॉक्टर

दोन वेगळे कागद करा. पहिला सगळ्यांसाठी, निनावी, फक्त खुणा करायच्या म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. त्यातून वसतिगृहाचे खरे आकडे निघतील. दुसरा ज्यानं त्यानं घरी न्यायचा, गुण स्वतःच मोजायचे, आणि खाली लिहा: आठ किंवा जास्त आले तर अमुक वारी अमुक वाजता या, नोंद होणार नाही. तिथे शक्यतो तुम्ही बसू नका, कारण काढायचा अधिकार तुमच्याच हातात आहे. बाहेरचा समुपदेशक बघा, किंवा मुलं ज्यांच्याशी मोकळं बोलतात असे कुणी सर. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच कागदावर टाका, रात्रीही लागतो.