जुन्या कॅराव्हॅनच्या बाकदार खिडकीची नवी शीट घडवायची आहे

प्रश्न:
माझी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) १९७०च्या दशकातली आहे. पुढची मोठी प्लॅस्टिकची खिडकी वर-खाली आत वळलेली आहे. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्यात, एक कोपरा तडकलाय. तयार खिडकी कुठेच मिळत नाही. जुन्या खिडकीवरच नवी शीट तापवून बसवली तर आकार येईल का? पारदर्शक प्लॅस्टिकपैकी अ‍ॅक्रिलिक घ्यावं की पॉलिकार्बोनेट?

प्रतिसाद १:
जुन्या खिडकीचा साचा करू नका. अ‍ॅक्रिलिक घडवायला १५० ते १७० अंश सेल्सिअस लागतात, आणि ते १०० अंशांच्या थोडं पुढेच नरम पडतं. वरची शीट बसायच्या आधी खालची खिडकीच वाकेल. तिच्यावरून फक्त वळणाचे पुठ्ठ्याचे फर्मे (नमुने) काढा, तेही चौकटीला लावून पाहा, कारण इतक्या वर्षांत खिडकीचा आकार बदललेला असतो. मग साच्यासाठी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूड-भुश्याच्या फळीच्या) फासळ्यांवर पातळ प्लाय वाकवा आणि वर फ्लॅनेल घट्ट ताणा. कापड हवंच! नरम शीटवर लाकडाची रेघ न् रेघ उमटते.

मी कास्ट (साच्यात ओतून बनवलेलं) अ‍ॅक्रिलिकच वापरतो. पॉलिकार्बोनेट मजबूत खरं, पण हवेतली ओल शोषतं. घडवण्याआधी १२० अंशांच्या आसपास तासन् तास वाळवलं नाही, तर आत बुडबुडे येतात.

प्रश्नकर्ता:
एवढी शीट मावेल असा ओव्हन नाही. हीटगन (गरम हवेचा झोत सोडणारं हत्यार) चालेल?

प्रतिसाद १:
नाही. एक जागा करपते, शेजारची थंड राहते, आणि आत अडकलेला ताण पुढे भेगा होऊन बाहेर येतो. विजेचे हीटर, पंखा आणि थर्मोस्टॅट (तापमान राखणारं बटण) लावून शीट मावेल अशी पेटी बांधा. उघडी ज्योत नको, अ‍ॅक्रिलिक पेट घेतं. शीट चारी बाजूंनी जास्त घ्या, तापल्यावर ती साधारण २ टक्के आकसते. साच्यावर घोंगडी टाकून सावकाश निवू द्या, कापणं त्यानंतर. स्क्रूची भोकं सैल ठेवा: ३० अंशांच्या फरकात १ मीटरची शीट सुमारे २ मिमी वाढते. पुसायला साबणाचं पाणी, स्पिरिट अजिबात नको.

प्रतिसाद २:
आधी रस्त्याचा नियम बघा. बऱ्याच देशांत वाहनाच्या प्लॅस्टिक खिडक्यांना यूएन नियम ४३ (वाहनांच्या सुरक्षित काचांचा संयुक्त राष्ट्रांचा नियम) प्रमाणे मंजुरीचं चिन्ह असतं. स्वतः घडवलेल्या शीटवर ते नसेल, तेव्हा तपासणीला काय चालतं ते शीट विकत घ्यायच्या आधीच विचारून ठेवा.