‘गिफ्ट’: इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये लग्न झालेला?

मांडवीकर:
बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत जर्मनीहून येणाऱ्या रसायनांच्या ड्रमांवर ‘गिफ्टिग’ असतं. नवख्याला वाटेल, फुकटचा नमुना! कोशात पाहिलं तर जर्मन ‘गिफ्ट’ म्हणजे विष. स्वीडिशमध्ये विषही आणि ‘विवाहित’ही. शब्द एकच की वेगवेगळे? गोदामातल्या मराठी पाटीवर काय लिहावं?

धातुसाधित:
एकच. मूळ अर्थ ‘देणं’. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबन’ त्याच घरातले. जुन्या इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे वधूमूल्य, अनेकवचनात चक्क लग्न. आपण नाही का विचारत, ‘मुलगी कुठे दिली?’ स्वीडिशने तेच धरून ठेवलं, फक्त तिकडे नवराही ‘दिलेला’! जर्मनमध्ये हुंड्याला अजून ‘मिटगिफ्ट’ म्हणतात.

विष आलं ते वैद्याच्या बटव्यातून. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणं, पुढे औषधाची मात्रा. जर्मनने त्या धर्तीवर ‘गिफ्ट’ वापरला आणि विषाचं नाव न घेता ‘दिलेली मात्रा’ म्हणता म्हणता तोच अर्थ चिकटला. ‘डोसिस’ आणि आपलं ‘दान’ एकाच धातूचे, ‘दा’. ‘गिव्ह’ मात्र त्यातला नाही, तिथे फसू नका.

रावपुरा_कट्टा:
डचमध्ये ‘गिफ्ट’ देणगी, विष ‘गिफ’. पण विषारी पुन्हा ‘गिफ्टिग’च. फ्रेंच-इंग्रजी ‘पॉयझन’ही मुळात निरुपद्रवी: लॅटिन ‘पोतिओ’, म्हणजे पेय. आपल्या ‘पान’चा भाऊबंद. खरं ‘विष’ लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ होऊन बसलंय.

लेबलवाचक:
पाटीचं बोलू. ‘गिफ्टिग’ शब्दावर ड्रम वेगळे काढू नका, घात होईल. लेबलावर धोक्याचे ‘एच’ कोड असतात. त्यातल्या एच३०१ला जर्मन वाक्य ‘गिफ्टिग बाय फरश्लुकन’, गिळल्यास विषारी. तोंडावाटे एलडी५० (निम्मे प्रयोगप्राणी मरतात ती मात्रा) वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर, ३०० पर्यंत. त्याहून जहाल एच३००, ५० किंवा कमी, तिथे ‘गिफ्टिग’ नसतंच. ‘लेबेन्सगेफार’ असतं, जिवाला धोका. म्हणजे शब्द शोधणारा सर्वांत वाईट ड्रम साध्या रांगेत लावणार.

कोड पाहा: गिळण्याचे ३००-३०१, त्वचेचे ३१०-३११, श्वासाचे ३३०-३३१. प्रत्येक जोडीतल्या पहिल्याला पाटीवर ‘प्राणघातक’, दुसऱ्याला ‘विषारी’, सोबत कोड आणि लाल कडेच्या चौकटीतली कवटी. ‘गिफ्टिग’ देवनागरीत लिहू नका.

मांडवीकर:
३११ला हातमोजे, ३३१ला मास्क, हेही त्याच पाटीवर घेतो.

लेबलवाचक:
घ्या, पण कुठले ते त्या मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या ८व्या भागात बघून. कापडी मास्क वायूला चालत नाही.