गावाकडच्या कामासाठी डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : घाटंजीकर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो. एका दैनिकाला तालुक्यातील बातम्यांची छायाचित्रे पुरवतो आणि लग्नसराईत लग्नांची कामे घेतो. आजवर डीएसएलआर आणि झूम लेन्सवरच भागले आहे. आता नागपूरचे एक परिचित आपला लायका एम9 हा जुना डिजिटल रेंजफाइंडर (हाताने फोकस करायचा कॅमेरा) आणि 35 मिमीची लेन्स विकत आहेत. त्याच कंपनीच्या नव्या एम11 च्या मानाने किंमत बरीच कमी असली, तरी माझ्यासाठी ती वर्षभराची बचत आहे.

घ्यावासा वाटण्याचे कारण असे, की पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात खांदशेकणी (बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळणे) चाललेली असते किंवा जिनिंगमध्ये बाया कापूस वेचून साफ करत असतात, तेव्हा मोठी लेन्स रोखताच माणसे सावरून बसतात आणि हातातले काम थांबते. मला ते थांबायला नको आहे. अंधारलेल्या गोठ्यात हाताने फोकस जमेल का, आणि आपल्याकडचे ऊन व धूळ हा कॅमेरा सोसेल का, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.

उत्तर : वर्धेकर

भाऊ, आधी फोकसविषयी. या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून सुमारे 69 मिलिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून दिसणारे दृश्य व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) मध्यभागी एका लहान उजळ चौकोनात एकावर एक पडते; लेन्सची कडी फिरवत त्या दोन प्रतिमा जुळवल्या की फोकस झाला. त्यामुळे गोठ्यातल्या एका दिव्याच्या उजेडात, जिथे ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो, तिथे बैलाच्या शिंगाची किंवा धोतराच्या काठाची एक उभी कड सापडली तरी काम होते. अशी कड मिळाली नाही, तर मात्र अडचण येते.

प्रत्यक्षात मी फोकस बहुधा आधीच लावून ठेवतो. 35 मिमीच्या लेन्सवर ॲपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र) एफ8 ठेवून अंतर 2 मीटरवर लावले, तर साधारण दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंतचे सारे चांगले रेखीव येते. हळद-तुपाचा हात बैलाच्या खांद्यावर फिरत असताना कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि बटण दाबायचे, एवढेच उरते. एफ8 ला उजेड लागतो, हे खरे; सांजवेळी एफ2 वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर, यावे लागते आणि मग प्रतिमा जुळवण्याला पर्याय नाही. माझ्या लेन्सच्या कडीखाली बोटासाठी खाच आहे. ती सरळ खाली आली की अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते, हे आता न पाहताही बोटाला कळते. ही सवय लागेपर्यंत चित्रे चुकतात, म्हणून पहिले काही महिने महत्त्वाच्या कामाला हा कॅमेरा एकटा नेऊ नये.

या कॅमेऱ्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण वेगळाच आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये 35 मिमीची चौकट आखलेली दिसते आणि त्या चौकटीबाहेरचेही दिसत राहते. कोण आत येत आहे, कोणाचा हात पुढे होणार आहे, हे आधी कळते. शटर उघडतानाही डोळ्यापुढे अंधारी येत नाही. माणसांच्या जवळ उभे राहून काम करणाऱ्याला याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा मला दुसऱ्या कोणत्याही सोयीचा झालेला नाही.

उत्तर : ब्रह्मपुरीचा वाचक

मी झाडीपट्टीच्या नाटकांची आणि लग्नांची छायाचित्रे काढतो, म्हणून व्यवसायाच्या बाजूने सांगतो. एम9 मध्ये व्हिडिओ नाही, सेकंदाला फार तर दोन चित्रे निघतात आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 2500 च्या पुढे जात नाही. मंडपात मागे उभे राहून रंगमंचावरचा नट जवळ घ्यायचा, तर 135 मिमीच्या पुढची लेन्स रेंजफाइंडरवर चालतच नाही, आणि 135 ची चौकटही इतकी बारीक दिसते की नेम धरणे कठीण जाते. शंकरपटातली (बैलांच्या शर्यतीतली) जोडी रेषेवर आधीच फोकस लावून टिपता येईल, पण संधी एकदाच मिळते. डीएसएलआर विकून हा कॅमेरा घेणार असाल, तर माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. डीएसएलआर ठेवून घेणार असाल, तर अवश्य घ्या.

उत्तर : उमरेडकर

पैसे देण्याआधी सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, तपासा. एम9 च्या सीसीडी सेन्सरवरील काच कालांतराने गंजते, हा त्या मॉडेलचा सर्वज्ञात दोष आहे, आणि बदली सेन्सर आता कंपनीकडूनही मिळत नाही. ॲपर्चर एफ16 वर ठेवून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्या आणि ते संगणकावर पूर्ण मोठे करून पाहा. साधी धूळ पुसली जाते. भोवती फिकट कडे असलेले गोल ठिपके साफसफाईनंतरही जागेवरच राहिले, तर व्यवहार करू नका. सेन्सर आधी नव्या काचेचा बसवून घेतला असेल, तर त्याचा कागद मागा.

दुसरी तपासणी रेंजफाइंडरची. दूरच्या मोबाइल टॉवरवर लेन्स अनंतावर नेली असता दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. आपल्या रस्त्यांवर दुचाकीच्या हादऱ्यांनी ही जुळणी बिघडू शकते आणि ती दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी मिळत नाही, म्हणून कॅमेरा डिकीत न ठेवता अंगावर बाळगावा. मे महिन्यात तर डिकी नकोच. जिनिंगमध्ये रुई उडत असताना लेन्स बदलू नका. एक लेन्स लावूनच आत जा.

स्वस्त मिळतो म्हणून कोणी 2006 चा एम8 सुचवेल. त्याचा सेन्सर अवरक्त किरणांना जास्त संवेदनशील असल्याने, लेन्सवर खास फिल्टर न लावल्यास काळे कृत्रिम धाग्याचे कापड जांभळट दिसते. नवरदेवाच्या सुटाचे असे चित्र कोणी स्वीकारणार नाही.

घाटंजीकर

सर्वांचा आभारी आहे. डीएसएलआर विकणार नाही. सेन्सर पाहूनच बोलणी करीन. एक विचारायचे राहिले : मला चष्मा आहे, त्याने अडेल का?

वर्धेकर

मलाही आहे. 28 मिमीच्या चौकटीच्या कडा चष्म्यातून पूर्ण दिसत नाहीत, 35 ची चौकट मात्र दिसते. डोळा टेकवायच्या कड्याने काचेला ओरखडे पडू शकतात, तेव्हा तिथे रबराची पातळ कडी चिकटवून घ्या.