हाडांची गोळी घेणं सुटतं ते सकाळच्या त्या अर्ध्या तासात

कुणीतरी लिहिलंय की फ्रॅक्चर जुळलं की त्यांची आई ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) गोळ्या सोडते, 'आता दुखत नाही ना' म्हणून. बरोबर आहे, पण सगळं खापर हट्टीपणावर नको. यासाठीची अलेंड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॅल्शियमची गोळीही नाही. जाच वाटणारच! बऱ्याच जणी घोटभर पाण्याने ती गिळून परत पांघरुणात शिरतात, छातीत जळजळ होते आणि 'ही मला सोसत नाही' असा निकाल लागतो. तेव्हा सुरुवातीला शेजारी बसून नेमकी कशी घेतात ते बघा.

तरीही जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांच्याच औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. आधी किडनी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासतात. नंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. हे आधी सांगितलं नसेल तर पुढच्या वर्षी त्या फिरकायच्या नाहीत.

हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचं मात्र वेगळं. ते लांबवलं किंवा परस्पर बंद केलं तर हाडांची घनता भराभर उतरते आणि मणके दबण्याचा धोका वाढतो. थांबवायचंच असेल तर सहसा त्याजागी दुसरं औषध सुरू करतात. पुढच्या इंजेक्शनची तारीख घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये हवीच.